आवतन मी दिलं होतं

मला शिंका सुरू झाल्या की चंद्रपूरच्या आमच्या क्वार्टरमध्ये आई आधी गाद्या झटकायची, मग पडदे काढायची, मग बाबांवर ओरडायची, बुटांना कोळशाची धूळ लावून घरात येतात म्हणून. तोवर माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागलेली असायची. फिनाइलनं पुसपुसून लख्ख केलेल्या त्या फरशीवर बसून मी खोकत राहायचे.

धाकटा भाऊ मात्र ठणठणीत. तो झाला तेव्हा आई आजारी पडली आणि त्याला घेऊन कुरखेड्याकडे मामाच्या गावी दोनेक वर्षं राहिली. मी शाळेपायी बाबांजवळ. तो तिकडे गोठ्यात रांगला, माती खाल्ली, मामीनं कितीदा तरी त्याच्या तोंडातून शेण काढलं. मेल्याला साधी शिंक नाही! एकदा मुद्दाम त्याच्या नाकाशी गादी झटकून पाहिली. तो खो-खो हसला, शिंकले मी.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. डॉक्टर आईला म्हणाले, "गोठ्यात वाढलेल्या पोरांना हा त्रास कमी होताना दिसतो, बाई. पण तो फायदा रांगत्या वयातला. आता हिला धुळीपासून जपायचं."

आईनं पहिलं वाक्य घेतलं आणि उरलेलं दवाखान्याच्या पायरीवरच टाकून दिलं. बसमध्ये बाबा समजावत राहिले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काई नाई होत. गोठ्याची हवा लागली का पोरगी पक्की होते. आमी नाई झालो का?"

पोळ्याला आम्ही मामाकडे गेलो. मामाच्या घरची एक रीत होती. आदल्या संध्याकाळी बैलांना जेवणाचं आवतन ज्यानं द्यायचं, त्यानंच दुसऱ्या दिवशी घास भरवायचा. दुसऱ्यानं भरवला तर बैल रुसतात म्हणे. दरवर्षी हा मान भावाचा. त्या वर्षी मामा म्हणाला, "औंदा भाची देईन आवतन." भावानं भोकाड पसरलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मी गोठ्यात शिरले. पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळली आणि मोठ्यानं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." थोरल्या बैलानं माझा हात चाटला. आईनं तिथंच बाज टाकली आणि मला बसवून ठेवलं. पावसाळी गोठा, ओलसर तणस, वर गोवऱ्यांचा धूर. घसा खवखवायला लागला, पण मी गप्प. बोलले असते तर मान भावाकडे गेला असता.

सकाळपासून जिवाला चैन नाही. छातीत शिट्टी होतीच. मी ओसरीवरून अंगणात, अंगणातून विहिरीकडे नुसती येरझारा घालत होते. कोणी जवळ आलं की श्वास दाबून धरायचा आणि हसायचं. आई विचारायची, "बरं हाये ना?" मी मान डोलवायचे. तीही लगेच दुसऱ्या कामाला वळायची. तिलाही ते खरंच मानायचं होतं.

संध्याकाळी पोळा फुटला. झुली पांघरलेले, शिंगं रंगवलेले बैल दारात आले. मामीनं पाय धुतले, ओवाळलं, आणि माझ्या हातात पुरणपोळीचं ताट दिलं. मी पुढे झाले. थोरल्यानं मान खाली घातली. मला राहवलं नाही. ताट खाली ठेवलं आणि त्याच्या गळ्याला कडकडून मिठी मारली.

श्वास आत जाईना. अंगण डोळ्यांपुढे काळं झालं. बाबांनी उचलून ओसरीवर नेलं, आईच्या पिशवीतला दम्याचा पंप तोंडाला लावला. जरा श्वास परतला तेव्हा पाहिलं, तर भाऊ बैलाच्या तोंडात पोळी घालत होता. बैल काही रुसले नाहीत. मुकाट्यानं खात होते.

मी रडलेसुद्धा नाही. रडायला दम लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गोठ्यासमोर शेण कालवत बसली होती, कोपरापर्यंत माखलेली. बाजूला भाऊ त्याच शेणात लाकडी बैल फिरवत होता. माझं डोकंच फिरलं. ओसरीवरूनच ओरडले, "मले काऊन नाई ठेवलं इथी? त्याले ठेवलं, मले काऊन नाई?"

आईचे हात थांबले.

"तू झाली तवा मामानं दोनदा एसटीच्या फाट्यावर बैलगाडी पाठवली होती," ती म्हणाली. "मीच नाई आली. सारा जलम शेण काढू काढू गेला माहा. म्हटलं, माह्या पोरीच्या आंगाले शेण नाई लागलं पायजे."

मला पुन्हा खोकला आला. ती धावत ओसरीपर्यंत आली, मला जवळ घ्यायला वाकली, आणि दोन्ही हात पाठीमागे धरून तशीच उभी राहिली.