एक नंबरचं बटण

अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली... भोरमध्ये, आमच्याच दारात.

ही गाडी म्हणजे शैलाची, माझ्या पत्नीची हौस. निवृत्त झाल्यावर तिने ही जुनी, मोठी परदेशी गाडी घेतली. लोक निवृत्त झाल्यावर काशीला जातात, ही गॅरेजला जायची.

शैला जाऊन दीड वर्ष झालं. सनरूफ गळतं, म्हणून आत टॉवेल. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या. एक पार्ट पुण्याहून येईपर्यंत दुसरा गेलेला असतो. मुलगी म्हणते, बाबा, विकून टाका... खरं सांगायचं तर मीही थकलोय.

न विकण्याचं कारण मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरच्या दारावर सीटची बटणं आहेत. दोन नंबर दाबला की सीट माझ्या मापाने मागे जाते. एक नंबर दाबला की हळूहळू पुढे सरकते, थोडी वर उचलली जाते आणि शैलाच्या मापावर थांबते. गाडी उभी केली की उतरताना मी एक नंबर दाबायचो. बस, एवढंच.

कापूरहोळहून मेकॅनिक आला, नवी बॅटरी बसवून गेला. संध्याकाळी मी एक नंबर दाबला... सीट हललीच नाही.

त्याला फोन केला. "काका, जुन्या गाडीत बॅटरी काढली की शीटचं सेटिंग जातं. परत करून घ्या की, दोन मिनटाचं काम हाय."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी बरं म्हणालो आणि तसाच गाडीत बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी नवमी. शैला सवाष्ण गेली, म्हणून तिच्या नावाने सवाष्णीला जेवू घालतो, साडी देतो. उत्रोलीहून तिची धाकटी बहीण नंदा आली होती. जेवणं झाल्यावर तिला सोडायला गाडी काढली, तर माझा हात पुन्हा त्या बटणाकडे गेला.

"काय झालं दाजी? परत बिघडली व्हय?"

मग सांगितलं तिला... पहिल्यांदाच कुणाला तरी.

ती उतरली आणि वळसा घालून माझ्या दाराशी आली. मग म्हणाली, "उतरा तुमी."

"अगं, तुला कुठे चालवता येते?"

"चालवायची कुणाला हाय? नुसतं बसायचंय. ताईचं अन् माझं ब्लाऊज एकाच मापाचं व्हतं, ठावं हाय ना?"

नवी साडी सावरत ती बसली आणि सीट पुढे घेऊ लागली. "अजून फुडं... ताई तर स्टेअरिंगला नाक लावून बसायची. लई हसायचो आमी." हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "हां, आता दाबा तुमचं ते बटण."

मी एक नंबर दाबून धरला. बीप वाजला.

तिला उत्रोलीला सोडून घरी आलो. उतरताना एक नंबर दाबला... सीट हळूहळू पुढे गेली आणि थांबली. बोटभर इकडेतिकडे असेल कदाचित.

आता डावीकडची काच खाली येत नाहीये. म्हणजे पुन्हा कापूरहोळ. जाईन.

नंदाला त्या दिवशी साडी दिली, पण आभार मानायचे राहिले... समोर बोलणं मला जमत नाही, म्हणून इथे मानतो.