थांबा म्हणणारं माणूस

माझ्या शेजाऱ्यांना सगळे लिफ्टवाले म्हणतात, कारण निवृत्त होईपर्यंत त्यांनी उंच उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. स्वतः मात्र राहिले बैठ्या घरात. "लोकांना वर-खाली करून कंटाळलो, आता जमिनीवरच बरं," असं म्हणायचे. मला ते काटेवाले म्हणतात. मी ट्रक तोलायच्या काट्यावर नोकरी केली. काटा रेषेवर आला की आला म्हणायचं, केसभर अलीकडे नाही, केसभर पलीकडे नाही. या गुणापायी मी फारसा कुणाला आवडलो नाही. लग्न जमलं नाही त्याचंही कारण माझी आई हेच सांगायची.

आमची दोन घरं रस्त्याच्या अगदी टोकाला, पाण्याच्या टाकीच्याही पुढे. तिथवर बस येत नाही. भाजी असो, औषध असो, दवाखाना असो, गाडीशिवाय पान हलत नाही. मला गाडी येत नाही. त्यामुळे लिफ्टवाल्यांची जुनी निळी गाडी आम्हा दोघांची. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, होत्या तोवर ती तिघांची होती.

वहिनी गेल्या आणि त्यांच्या मुलीने टुमणं लावलं, "बाबा, माझ्याकडे चला." हे हूं की चूं करेनात. शेवटी तिने अट घातली. "गाडी धड चालतेय तोवर राहा तिथे. बंद पडली की मात्र सामान बांधायचं. कबूल?" हे कबूल म्हणून बसले. माणूस शब्दाला पक्का, तीच तर पंचाईत.

मग एक दिवस गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून टायमिंग बेल्ट दाखवला. इंजिनाचं वरचं चाक आणि खालचं चाक एका तालात फिरवणारा हा दातेरी पट्टा. त्याला जागोजागी भेगा पडल्या होत्या.

"कधीही तुटेल, काका. आणि तुटला की इंजिन गेलंच म्हणून समजा. खर्च करण्यात अर्थ नाही, भंगारात द्या."

लिफ्टवाल्यांनी बॉनेट धाडकन आपटलं, नवा पट्टा विकत घेतला आणि घरी आले. पट्टा ते नेहमी घरीच बदलत. फरक एवढाच की दर वेळी इंजिनावर वाकायला वहिनी असायच्या.

हे काम एकट्याचं नाही. जुना पट्टा काढला की खालचं चाक जागचं हलतं. ते परत खुणेवर आणायला एकाने गाडीखाली आडवं होऊन लांब पान्याने फिरवायचं. पण खूण खालून दिसत नाही. ती वरून, इंजिनाच्या एका बोटभर खिडकीतून दिसते. आत एक रेष सरकत येते, ती खाचेसमोर आली की दुसऱ्याने "थांबा" म्हणायचं. कुंपणापलीकडून मी हे इतकी वर्षं ऐकत आलो होतो. वहिनी ओरडायच्या, "अहो, थांबा!" आणि गाडीखालून उत्तर यायचं, "अगं, येऊ दे जरा अजून." वहिनींचं सगळंच आधी. दूध वर यायच्या आत गॅस बंद. पाहुणे उठायच्या आत त्यांच्या चपला दाराशी सरळ करून ठेवलेल्या. "तुझी आई घाई करते जरा," असं हे मुलीला फोनवर सांगायचे. सूर तक्रारीचा असायचा, चेहरा नसायचा.

रविवारी सकाळी ते कुंपणाशी आले. "काटेवाले, तुमचा डोळा हवाय."

गाडीची एक बाजू उचलून खाली लाकडी ठोकळे सरकवलेले होते, चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं, आणि सगळे पाने जुन्या चादरीवर ओळीने मांडलेले होते. ती वहिनींची चादर. मी ओळखली. टॉर्च घेऊन खिडकीवर डोळा लावला. रेष आली, सरकली, खाचेसमोर उभी राहिली.

"थांबा," मी म्हणालो.

पट्टा चढवला, ताण दिला. चावी लावायच्या आधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायच्या असतात. वरच्या चाकाची खूण जागेवर होती. खिडकीत पाहिलं तर रेष खाचेच्या पुढे.

"पुढे गेली," मी म्हणालो.

"म्हणजे एक दाता चुकला. तुम्ही उशिरा सांगितलंत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी? उशिरा? माझ्या काट्यावरून सुईसुद्धा जास्तीची गेली नाही कधी!"

"काट्यावर ट्रक उभा असतो. इथे चाक फिरतंय."

पट्टा पुन्हा उतरवला. एक दाता चुकला तर गाडी थरथरते, आणखी चुकले तर आतले भाग एकमेकांवर आपटतात, मग त्या अटीतून सुटका नाही. म्हणून दुसऱ्यांदा मी श्वाससुद्धा रोखून धरला. रेष खाचेसमोर आली, थांबा म्हणालो. तरी फेरे मारून झाल्यावर ती परत पुढेच.

या वेळी ते चिडले नाहीत. गाडीखालून बाहेर येऊन पायरीवर बसले. हात काळे झालेले, म्हणून मनगटाने कपाळ पुसलं. "राहू द्या. मुलगी म्हणते तेच खरं. बांधतो सामान."

मी घाबरलो. हे गेले की या टोकाला मी आणि पाण्याची टाकी. बोलायला कुणी नाही, भांडायलाही नाही. "एकदा, शेवटचं," मी म्हणालो. "यातही चुकलं तर पेट्या बांधायला मी येतो."

तिसऱ्यांदा मी एक डोळा खिडकीत आणि एक, काढलेल्या चाकाच्या जागेतून दिसणाऱ्या, त्यांच्या हातावर ठेवला. मी थांबा म्हणालो. पाना थांबला. आणि मग, माझा शब्द पुरता झालाच नाही असा, हात हळूच थोडा पुढे गेला.

"अहो, थांबा म्हटल्यावरही फिरवता तुम्ही!"

"छे."

"पाहिलं मी. आत्ता. या डोळ्यांनी."

गाडीखाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ती रेष दिसली रे दिसली की ओरडायची. सांगून सांगून थकलो. मग तिला सांगणं सोडलं आणि हाताला शिकवलं. थांबा ऐकलं की अजून जरासं फिरवायचं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. वहिनींची खोड मात्र त्या गेल्यावरही यांच्या हातात राहून गेली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मग आता नका फिरवू."

"नाही ऐकत हो हात. म्हातारा झालाय." मग म्हणाले, "तुम्हीच आधी सांगा ना. ती सांगायची तसं."

काटा यायच्या आत तो आला, असं मी जन्मात म्हटलं नव्हतं. एका ट्रकवाल्याने त्यासाठी पाय धरले होते, तरी नाही. त्यांनी चाक मागे घेतलं, मी डोळा लावला. रेष खिडकीच्या कडेला दिसली. खाच अजून लांब होती.

"अहो, थांबा!" मी ओरडलो.

पाना थांबला. खालून अगदी हळू आवाज आला. तो माझ्यासाठी नव्हता.

"अगं, येऊ दे जरा अजून."

मी तोंड उघडलं नाही. रेष सरकली आणि बरोबर खाचेसमोर येऊन उभी राहिली.

पट्टा चढवला, फेरे मारले, खुणा जुळल्या. चावी फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं, जराही थरथर नाही. हे स्टिअरिंग धरून बसून राहिले. मी चादरीवरचे पाने पुसत होतो. मला रडू येत होतं, आणि पान्यांना तेवढं पुसायची काही गरज नव्हती.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. त्यांच्या हाताला ग्रीस होतं, म्हणून मीच तो त्यांच्या कानाशी धरला. पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"बाबा, झालं? चालतेय?"

"ऐक ना, चालूच आहे."

"आणि वर कोण होतं? आईच्या जागी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपले काटेवाले," ते म्हणाले. "घाई करतात जरा."