मत्स्यालयातला व्हॅलेंटाईन

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर किस्से धुळीसारखे साठतात. रोज झटकले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच. त्यात माझी भर कमी. माशांवर पीएच.डी. केली, आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, तरी काही सांगताना मध्येच वाटतं, हे नक्की असंच झालं होतं ना? पण व्हॅलेंटाईन डेच्या त्या जेवणाला अख्खा कट्टा हजर होता. साक्षीदार आहेत.

गंगापूर रोडला मत्स्यालय आणि त्यातच रेस्टॉरंट निघालंय. मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेल्या जाधवांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी जोडीने यायचं. मला वाटलं, कुसुम नको म्हणेल. ती म्हणाली, "जाऊ या." दुसऱ्या दिवशी ती मुलीकडे नागपूरला चालली होती. बॅगेत स्वेटर होते. उन्हाळा तोंडावर आल्यावर स्वेटर कशाला, हे मी विचारलं नव्हतं. परत कधी येणार, हेही नाही. जेवताना विचारायचं ठरवलं.

*

कट्ट्यावरच्या पगारेंनी बसल्या बसल्या सुरमई फ्राय मागवली. वेटर म्हणाला, आज फक्त व्हेज.

"का रे बाबा?"

"ते बघतात, साहेब." त्याने टँककडे बोट दाखवलं.

पगारेंनी खुर्ची फिरवली आणि टँककडे पाठ करून बसले. "आता आण."

तरी पनीरच आलं.

*

जाधवांनी सगळ्यांसमोर वहिनींना गुलाब दिला. टाळ्या पडल्या. वहिनींनी तो वास न घेताच पर्समध्ये टाकला.

"उद्या देवाला होईल," म्हणाल्या.

त्यानंतर जाधव बराच वेळ सूप ढवळत होते.

*

एका छोट्या टँकमध्ये दोन मासे तोंडाला तोंड लावून होते. भोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी. जाधवांनी तेवढ्यात माझी पदवी जाहीर केलेली, त्यामुळे एका मुलीने मला विचारलं, "सर, यांचं प्रेम आहे ना?"

ती इतक्या आशेने बघत होती की मी "हो" म्हणालो.

कुसुम मागेच उभी होती. माझा प्रबंध तिनेच टाइप केलेला.

"भांडतायत ते," ती मला हळूच म्हणाली, आणि टेबलाकडे गेली.

*

आमच्या दोघांच्या टेबलावर एसीचा झोत थेट येत होता. प्रवासाच्या आदल्या दिवशी हिला सर्दी झाली तर? मी शेजारच्या तरुण जोडप्याला टेबल बदलून मागितलं. मुलगा जरा घुटमळला, पण म्हातारा माणूस बघून उठला.

आम्ही त्यांच्या जागी, मोठ्या टँकच्या काचेला लागून बसलो. मी पाणी प्यालो. आता विचारायचंच. तोंड उघडलं, तेवढ्यात दिवे मंद झाले आणि टँकमध्ये वरून एक पाणबुड्या उतरला. पोहत आमच्या टेबलासमोर आला आणि हातातली पाटी काचेला लावली.

'माझ्याशी लग्न करशील?'

मागे तो मुलगा अर्धवट उभा राहिलेला. सगळ्यांचे मोबाइल आमच्याकडे वळलेले.

कुसुमने चष्मा पदराला पुसला. पाटी शांतपणे वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग माझ्याकडे वळली.

"अहो, नाही म्हटलं तर चालतं का?"

काचेच्या आत पाणबुड्याला काहीच ऐकू आलं नाही. त्याने आम्हाला अंगठा दाखवला.