नोकरी लागेपर्यंतचं दुकान

हे किस्से मी कधी गोळा केले नाहीत, ते माझ्याकडे येऊन साचले. बेकार माणसाला मन मोकळं करायला जागा लागते, आणि आमच्या दुकानात बाकडं होतं. अर्ज टाइप होईस्तोवर पंधरा मिनिटं तरी बसावं लागायचं. तेवढ्यात मागच्या इंटरव्ह्यूत काय झालं ते सांगून व्हायचं. ऐकून ऐकून माझे कान किटले, पण विसरता काही आलं नाही.

दुकान म्हणजे दौंडला कोर्टाजवळच्या बोळात एक लहानशी खोली. दोन टाइपरायटर, एक झेरॉक्स मशीन आणि नंतर आलेला एक सेकंडहँड कॉम्प्युटर. मी बी.कॉम., मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग पास. दुकान टाकलं ते नोकरी लागेपर्यंत! एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड मी न चुकता रिन्यू करत होतो. सरकारी नोकरीला माझ्यासारख्याला तेहतीस वर्षांपर्यंतच घेत, आणि मी सांगतोय ते दिवस सुरू झाले तेव्हा मला एकोणतीस पूर्ण होऊन गेली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पेपरात रोज मंदी.

मला नोकरी मनापासून हवी होती. एक तारखेला पगार, रविवारी सुट्टी आणि सासुरवाडीला गेल्यावर "सध्या काय करता?" या प्रश्नातला तो 'सध्या' तरी जावा, एवढंच मागणं.

आणि गंमत म्हणजे, नोकरी कशी मिळवायची हे लोक मलाच विचारायचे!

* * *

सल्ला द्यायला मी एकटा नव्हतो, आप्पा होते. आप्पा रेल्वेच्या गुड्स ऑफिसातून रिटायर झालेले. सकाळी पेपर वाचायला येत आणि संध्याकाळपर्यंत बाकड्यावर असत. त्यांना तरुणपणी पहिल्याच अर्जाला नोकरी लागली होती, त्यामुळे त्यांचा स्वतःवर भारी विश्वास.

"अर्ज पोस्टानं टाकायचा न्हाई," आप्पा सांगायचे. "कुरकुंभला जायचं, कंपनीच्या गेटवर हातानं द्यायचा. माणूस दिसला पायजे!"

पोरं जायची. गेटवरचा वॉचमन अर्ज घ्यायचा, "जा आता" म्हणायचा. एका महिन्यात आमच्या दुकानातून एकाच कंपनीला वीसेक अर्ज गेले असतील. उत्तर एकालाही नाही.

मग एक दिवस तो वॉचमनच दुकानात हजर! हातात आमच्याच अर्जांचा गठ्ठा. मला वाटलं, साहेबांनी परत पाठवले.

"सगळे वाचले," तो म्हणाला. "तुमचे अर्ज लई भारी असत्यात. माझ्या पोराचापण एक करा."

केला. काय करणार? कागद घेऊन तो दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "ह्यांच्यापरीस जरा भारी केलाय न्हवं?"

* * *

गेटचा उपाय फसल्यावर आप्पांनी बाकड्यावर इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस सुरू केली. आप्पा साहेब, समोर स्टुलावर उमेदवार.

त्यातला एक मल्हारी. कुरकुंभच्या अलीकडच्या वस्तीवरचा, आयटीआय फिटर. घरची मेंढरं विकून आता थोडी शेती होती, पण लहानपणी हा आजोबांच्या मागे माळावर भरपूर हिंडलेला.

"तुमच्यातला सगळ्यात मोठा विकनेस कोणता?" आप्पांनी पेपरातलं वाचून विचारलं.

"नोकरी न्हाई, ह्योच की!"

आप्पांनी त्याला तिथंच नापास केलं.

पण खरा इंटरव्ह्यू आला तेव्हा पोरगं चमकलं. केमिकल कंपनी होती. मॅनेजर आत येईल त्याला एकच प्रश्न विचारत होता, "गॅस लीक झाला तर कुठे पळशील?" सगळ्यांचं उत्तर, "मेन गेटकडे, साहेब."

मल्हारी म्हणाला, "आधी वारं बघीन."

"म्हणजे?"

"मेंढरापाशी बसताना वारं बघूनच बसाया लागतं, साहेब. न्हायतर सगळी धूळ नाकातोंडात. गॅसबी वाऱ्यासंगंच जाणार. मी त्येच्या वाटंतनं आडवा निघीन."

मॅनेजर खूश! सोमवारपासून ये म्हणाला. आता मल्हारी पडला सज्जन. त्यानं बाहेर येऊन रांगेतल्या सगळ्यांना उत्तर सांगून टाकलं. पुढचे पाच जण आत जाऊन ठणठणीत म्हणाले, "आधी वारं बघीन, साहेब."

मॅनेजरनं प्रत्येकाला विचारलं, "मग आत्ता वारा कुठून आहे?"

पाच जणांनी पाच दिशा दाखवल्या!

मल्हारी हे सांगताना हसत नव्हता. कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, वारं कुठनं हाय ते सांगायचं माझं ध्यानातनंच गेलं की वो!"

* * *

सातव्या महिन्यात मल्हारीला ब्रेक मिळाला. ब्रेक म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगतो. सलग फार दिवस कामावर ठेवलं तर माणूस परमनंट करायची वेळ येते. ती येऊ नये म्हणून कंत्राटदार त्याला आधीच घरी बसवतो. मग दुसरा कंत्राटदार, दुसरी कंपनी, पुन्हा सात महिने. काम चांगलं की वाईट, हा प्रश्नच नाही.

दर ब्रेकला मल्हारी दुकानात यायचा आणि आम्ही बायोडेटात एक कंपनी वाढवायचो. तीन वर्षांत चार झाल्या. पाचव्या इंटरव्ह्यूत साहेब म्हणाला, "इतक्या कंपन्या? तू कुठे टिकत नाहीस."

"मी टिकतो, साहेब. मला टिकू देत न्हाईत."

झालं, घरी! मल्हारी माझ्याकडे आला. "सर, ह्यातल्या मधल्या दोन कंपन्या काढा."

काढल्या. पुढच्या ठिकाणी साहेबानं कागद बघितला. "मधे सव्वा वर्ष काय करत होतास? एवढा गॅप कसा?"

दुसऱ्या दिवशी मल्हारी पुन्हा स्टुलावर. "सर, त्या दोन कंपन्या परत घाला."

तो गेल्यावर मी माझा अर्ज लिहायला घेतला. मला बत्तीस पूर्ण झाली होती, आणि माझ्या स्वतःच्या बायोडेटात अनुभव या शब्दापुढे काय लिहायचं, ते मला अजून ठरवता आलं नव्हतं. दुकान लिहिलं तर ते माझंच काम ठरणार, आणि मला तर तसं ठरायला नको होतं.

* * *

पाबळला, गावातली सगळीच कामं शिकवणाऱ्या शाळेत शिकलेला संतोष नावाचा एक जण यायचा. त्याला काय येत नाही ते विचारावं! वेल्डिंग, वायरिंग, गवंडीकाम, पंप उघडणं, माती तपासणं. फॉर्मवर 'ट्रेड' या शब्दापुढे बोटभर जागा. संतोषनं त्यात लिहिलं, "सगळं."

इंटरव्ह्यूत साहेब म्हणाले, "आम्हाला एका कामाचा माणूस पाहिजे."

संतोष उठला. उठताना त्याला डोक्यावरचा पंखा खडखडताना ऐकू आला. त्यानं खुर्चीवर चढून तो दोन मिनिटांत नीट केला, नमस्कार केला आणि घरी आला. आप्पा त्याच्यावर जाम भडकले. "फुकट कशाला केलास? आधी ऑर्डर हातात घ्यायची!"

पंधरा दिवसांनी शेजारच्या पीसीओवर त्याच्यासाठी निरोप आला, त्याच साहेबांचा. संतोष धावत गेला, आम्ही सगळे दारात. आप्पांनी तर हात जोडले होते. तो परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले? कधीपासून?"

"रविवारी बोलावलंय."

"रविवारी? ऑफिसात?"

"न्हाई, त्यांच्या घरी. बाथरूमचा नळ गळतोय."

* * *

वैशाली भुजबळ न्हावऱ्याची. घरी शेवंती आणि झेंडू. पहाटे फुलं तोडू लागून मग ती एसटीनं चौफुल्याला यायची, तिथून दुसरी गाडी पकडून दौंडला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा टाइपरायटरवर सराव करायची. कधी कधी माझीच कामं उरकून टाकायची. तिनं केलेला कागद मी तपासायचा सोडून दिला होता, कारण त्यात चूक सापडायची नाही आणि मला उगाच वाईट वाटायचं.

एका खासगी संस्थेत तिचा इंटरव्ह्यू झाला. टेस्ट झकास. शेवटी चेअरमननी विचारलं, "लग्न झाल्यावर नोकरी सोडणार ना?"

"तुम्ही सोडली का, साहेब?"

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. आप्पा नाही हसले. "पोरी, अशानं कशी लागायची?" म्हणाले.

"न्हाईच लागली," वैशाली म्हणाली आणि मशीनमध्ये नवा कागद घातला.

* * *

तेहतीस पूर्ण व्हायला दोन महिने राहिले असताना मला इंटरव्ह्यूचा कॉल आला. पुण्यातलं एक निमसरकारी ऑफिस. पद क्लार्क-टायपिस्ट, जागा एक. हा शेवटचा, हे घरात कुणी बोललं नाही, पण बायकोनं शर्टाला इस्त्री दोनदा केली. आप्पांना मी म्हटलं, "काहीतरी सल्ला द्या." आप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "नीट जा." चार वर्षांत मला त्यांनी दिलेला हा पहिलाच सल्ला.

कॉल वैशालीलाही आला होता. आम्ही बरोबरच गेलो. ऑफिसच्या व्हरांड्यात अकरा जण बसलेले. बघतो तर त्यातले बहुतेक आमच्याच बाकड्यावरचे! मला बघून सगळे उठून उभे राहिले.

"सर, तुम्ही कुणासंगं आलाय?" एकानं विचारलं.

मी कुणाबरोबर आलो नव्हतो. मीच उमेदवार होतो. ते सांगताना मला जी लाज वाटली, ती अजून आठवते.

सकाळी टायपिंग टेस्ट झाली, दुपारी एकेकाला आत बोलावलं. वैशालीचं लवकर झालं. माझा नंबर शेवटचा. मी आत गेलो तर मोठ्या साहेबांनी टेबलावर कागद ओळीनं मांडून ठेवलेले.

"हे बघा," साहेब म्हणाले. "नऊ जणांना वाचन आणि पर्यटनाचा छंद आहे. नऊही जण मनमिळाऊ. आणि मघाशी जो भल्या मोठ्या मिशांचा गडी येऊन गेला, त्याला शाळेत रांगोळीत पहिला नंबर! हे बायोडेटा केले कुठे?"

"माझ्याकडे, साहेब. माझं दुकान आहे."

कॉम्प्युटरवर एकच फाइल होती. नाव बदलायचं, शिक्षण बदलायचं आणि प्रिंट काढायची. गर्दीत रांगोळी तशीच राहिली होती. बाजूचे दोघं साहेब रुमाल तोंडाला लावून हसत होते. मोठे साहेब नाही हसले. त्यांनी दोन कागद बाजूला काढले.

"टेस्टमध्ये तुम्ही दोघंच पुढे आहात. तुम्ही आणि ती भुजबळ. तुमचा स्पीड तिच्यापेक्षा जास्त आहे. पण ती तुमच्या दुकानात येते म्हणाली, म्हणजे तुम्ही तिचं काम बघितलंय. आम्ही नाही बघितलं. मला खरं सांगा, कामाला चांगलं कोण?"

एक शब्द पुरला असता. स्पीड माझा जास्त, हे तेच म्हणत होते, त्यामुळे तो शब्द अगदी खोटाही ठरला नसता. दोन महिन्यांनी माझं कार्ड रद्दीत जाणार होतं. वैशालीपुढे अजून दहा वर्षं होती. हे सगळं मला त्या खुर्चीत बसून स्वच्छ दिसत होतं. पण माझ्यासमोर माझे ते नऊ कागद पसरलेले होते, आणि त्यांच्याशेजारी तिचा दहावा. तो तिनं स्वतः टाइप केला होता. त्यात पर्यटन नव्हतं.

"ती, साहेब," मी म्हणालो.

मग त्यांनी मला दुकानाबद्दल विचारलं, मशीन किती, गिऱ्हाईक कुठलं, आणि चहाही पाजला. मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही.

बाहेर वैशाली एकटीच थांबली होती. आम्ही स्टेशनकडे चालायला लागलो. स्वतःचा इतका राग आला होता की मी तिच्या पुढे पुढेच चालत होतो. ती मात्र एकदम खुशीत.

"सर, मला दोन मिन्टांत बाहेर काढलं," ती म्हणाली. "आन् तुम्हाला अर्धा तास, वर चहा! तुमचंच काम झालं बघा. पेढ्याबिगर सोडणार न्हाई मी!"