आधी घरच्यांना

"घरच्यायले वाचून दाखोल्याशिवाय बातमी पाठोत नाही मी, भाऊ." आमचा मूर्तिजापूरचा वार्ताहर हे इतक्या शांतपणे सांगायचा, की अकोल्याच्या कचेरीत माझं डोकं फिरायचं.

तुम्ही कधी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसला असाल, तर माझीच बाजू घ्याल. इकडे पान अडलेलं, आणि हा गृहस्थ तिकडे कुणाच्या तरी ओट्यावर बसून गेलेल्या माणसाची बातमी त्याच्या बायकोला वाचून दाखवतोय. तीही दोनदा. पहिल्यांदा माणसं नुसती रडतात, म्हणायचा, चूक दुसऱ्या वाचनात सापडते.

त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोजच्या झाल्या होत्या. आम्ही त्या चार ओळींत बसवायचो. तो मात्र गावात जायचा, पाठकोऱ्या कागदावर लिहायचा, वाचून दाखवायचा आणि मग पाकीट अकोल्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. एकदा पीकपाण्याच्या बातमीसोबत पाकिटातून हरभऱ्याचे घाटे निघाले. "वावरात बसून लिवली," एवढाच खुलासा.

पुढे पाकीट गेलं, मोबाइल आला. आमची वेबसाइट निघाली आणि बातमी दहा मिनिटांत हवी झाली. एका दुपारी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एका शेतकऱ्याच्या आत्महत्येचा मजकूर फोटोसकट येऊन पडला. मी त्याला फोन लावला.

"गावातच हावो. वाचून दाखोतो अन् पाठोतो. अर्धा घंटा द्या."

मी दिला नाही. ग्रुपवरचा मजकूर उचलला आणि टाकला. थोड्याच वेळात त्याचा फोन.

"भाऊ, फोटोतला मानूस माह्यासमोर बसेल हाय. गेला थो त्याच्याच नावाचा चुलतभाऊ. काढा पटकन, याची पोरगी धारणीले दिली हाय, थे मोबाइलवर पाहीन."

मी काढला. पण पोरीनं पाहिला होता आणि ती मिळेल त्या जीपनं निघालीही होती; मेळघाटाच्या वाटेवर तिचा फोन लागत नव्हता. संध्याकाळी ती मूर्तिजापूरच्या स्टँडवर उतरली, तेव्हा हा तिच्या बापाला घेऊन तिथे उभा होता. मला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर फार बरं वाटलं असतं.

वर्षभरात तालुक्यांचे वार्ताहर बंद करायचं ठरलं. बातम्या आता लोकच पाठवतात, असं वरून सांगण्यात आलं. त्याला कळवायचं काम माझ्याकडे आलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बरं. पन मंग घरच्यायले वाचून कोन दाखोईन?"

मी त्याच्या राहिलेल्या मानधनाचं सांगायला लागलो. त्याची मला अजून लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. हेही ग्रुपवरच कळलं. मी बातमी लिहिली, पण पाठवली नाही. कागद खिशात घालून मूर्तिजापूर गाठलं आणि त्याच्या घरी सतरंजीवर वहिनींसमोर बसून वाचायला लागलो. वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

वाचून संपतंय तोच कचेरीतून फोन आला. "सर, बाकीच्यांकडे कधीच लागली. पाठवताय ना?"

"थांब," मी म्हणालो, "आत्ता एकदाच वाचून झाली आहे."

फोन बंद केला. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "थे सोताले पत्रकार नव्हते म्हनत, भाऊजी. वार्ताहर म्हनत. तेवढं करा."

मी 'ज्येष्ठ पत्रकार' खोडलं, वर 'वार्ताहर' लिहिलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.