हात न लावता घेतलेलं माप

माझ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू इंग्रजीत बी.ए. केलंस, मग आयुष्यभर ब्लाउज का शिवलेस?" मी हसून विषय बदलला. ते बरोबर नव्हतं. म्हणून हे लिहीत आहे. फोनवर मला सांगता आलं नसतं.

तुमची आई लहान होती तेव्हाची गोष्ट. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरची वहिनी माझ्या दारात उभी होती. पायरीच्या आत आली नाही. दोन बोटांत धरलेला जुना ब्लाउज तिनं उंबऱ्यावर टाकला. सोबत नवं कापड. तेही टाकलंच.

"पोरीच्या लग्नाचा हाय. माप याच्यावरूनच घे. अंगाले हात लावाचं काम नाई."

तुमचे आजोबा जाऊन सहा महिने झाले होते. तुमची आई अंगणवाडीत जायची. माझं माहेर गोदावरीपलीकडचं, तेलुगू. सासर बौद्ध. इथं सिंदेवाहीत शाळांनी माझी इंग्रजीची पदवी पाहिली, माझं मोडकं मराठी ऐकलं आणि कागद परत दिले. शिलाई मला आईनं शिकवली होती. भाड्याच्या खोलीत मशीन मांडलं. मोठ्या घरचं हे पहिलंच काम.

मी मान हलवली. उंबऱ्यावरचं कापड वाकून उचललं.

मापाचा ब्लाउज जुना होता. पोरगी तेव्हापासून भरली होती. मी शिवलेला ब्लाउज तिला काखेत रुतला. वहिनी परत आली. सोबत शेजारच्या तीन बाया आणि ती पोरगी.

"इंग्रजी शिकली म्हणे. साधा ब्लाउज शिवता येत नाई."

"नदीपल्याडची हाय ते," एक बाई म्हणाली. "तिले पोलकं मालूम, ब्लाउज काय मालूम?"

त्या हसल्या. पोरगी खाली बघत होती.

मी म्हटलं, "वहिनी, माप घेऊ द्या. आत्ता नीट करून देते."

"तुहा हात? लग्नाची पोरगी हाय माही. तिथूनच पाह्य."

मी तिथूनच पाहिलं. टेप माझ्या गळ्यात लोंबत होता. पोरीला त्यांनी अंगणात वळवलं, हात वर करायला लावले. मी चार पावलांवरून अंदाज घेतला, शिवण उसवली, काखेत कापडाची तिकोनी कळी जोडली. ब्लाउज अचूक बसला.

वहिनी खूश झाली. "पाह्य, जमते नं हात न लावता."

ब्लाउज रुतला तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. नीट बसला तेव्हा लागलं. माझी कला त्यांच्या विटाळाच्या सोयीला लागली होती. आणि ती मी लावली होती, माझ्या हातानं.

आठ दिवसांनी वहिनी लग्नाचे आणखी सहा ब्लाउज शिवायला घेऊन आली. कापड पुन्हा उंबऱ्यावर. मी उचललं, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिलं. हातात देताना माझी बोटं तिच्या बोटांना लागली. मी ती मागे घेतली नाहीत.

"मी अंगावर माप घेते, वहिनी. नाहीतर शिवत नाही."

"मस्ती आली का तुले? उपाशी मरशीन."

"मरेन."

त्यानंतर वहिनीच्या गल्लीतलं कुणी वर्षभर आलं नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया यायच्या, पण त्यांनाही मी परकीच होते. माझं बोलणं त्यांना चमत्कारिक वाटायचं. दुपारी मशीन थांबलं की घरात आवाज उरायचा नाही. मग मी भिंतीशी तेलुगूत बोलायची. माझी भाषा मलाच ऐकवायची. परत जायचा विचार कितीदा आला. पण परत कुठे जाणार? माहेरचं दार भावजयीच्या हातात होतं.

ती वहिनी कधी माफी मागायला आली नाही. तिची मुलगीही आली नाही. गोष्टीत असं होतं, इथं झालं नाही.

आता सुईत दोरा ओवायला मला तीनदा प्रयत्न करावा लागतो. गिऱ्हाइकं थोडी आहेत. दारात आलेल्या प्रत्येकीला मी आत बोलावते, हात वर करायला सांगते आणि टेप लावते. जिला ते चालत नाही, तिचं कापड मी घेत नाही. दुकान सुरू आहे.