दादूसचा डावा डोळा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, वहिनीला तर नाहीच. तशी मी फटकळ बाई. उलव्याच्या आमच्या सोसायटीत कोणाचं काय चुकलं ते त्याच्या तोंडावर सांगते. आणि स्वतःचं एवढं एक — सहा वर्षं गिळून बसले आहे. थकले आता.

माझा थोरला भाऊ, आमचा दादूस, उरणजवळ मोऱ्याला मासेमारीच्या बोटीवर असतो. असायचा. माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून माझ्या घरातलं प्रत्येक कार्य दादूसनेच पार पाडलं. मुलीचं लग्न ठरलं, त्याच महिन्यात ताणलेला दोर तुटून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. मीच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून थेंब दिले आणि मला बजावलं — आतला पडदा आज जागेवर आहे, पण मार जोराचा आहे. कडेने काळी सावली दिसली तर त्याच दिवशी आणा. ऑपरेशन करावं लागेल, मग कितीतरी दिवस पालथं झोपावं लागेल. मला सगळं नीट समजलं होतं. समजलं नाही म्हणायची सोय नाही.

लग्नाला तीन आठवडे उरले होते तेव्हा त्याचा फोन आला.

"गो, डोल्याच्या कोपऱ्यान कालां कायतरी येतंय. जरा इचार ना डाक्टरीनबायला."

विचारते म्हटलं. फोन ठेवला आणि — काय केलं असेल मी? हळदीच्या आमंत्रणांची यादी पुढे ओढली. कन्यादानाला दादूस आणि वहिनीच बसणार होते. पोरीला हाताला धरून मांडवात आणणारा मामाही तोच, माझा एकुलता एक भाऊ. तो पालथा पडून राहिला तर मांडवात कोण? डोळा काय, थांबेल थोडे दिवस. असं खरंच वाटलं मला? की मी वाटून घेतलं?

तासाभराने त्याला सांगितलं, बाईंशी बोलणं झालं, आतली सूज आहे, ओसरेल, लग्न उरकून या म्हणाल्या. मी फोन केलाच नव्हता. आठवड्याने त्याने पुन्हा विचारलं, सावली वाढलीय म्हणाला. मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा डाफरून. मी डाफरले की तो गप्प होतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

लग्न झोकात झालं. हळदीला अख्खी आळी नाचली. मामाने भाचीला मांडवात आणलं — खरं तर भाचीनेच मामाला आणलं. पायरीवर तो चुकला, तिने सावरलं. व्हिडिओत आहे ते. मी तो बघत नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलो. पडदा केव्हाच सुटला होता. जखम भरताना व्रण धरतो, तसे चिवट पापुद्रे त्याच्या मागे धरले होते आणि त्यांनी पडदा आखडून टाकला होता. दोन ऑपरेशनं झाली. महिनाभर दादूस उशीत तोंड घालून पालथा होता. पापुद्रे पुन्हा धरले. डोळा गेला.

पण सांगायचं आहे ते त्या पहिल्या दिवसाचं. बाई रागावून त्याला म्हणाल्या, सावली दिसत होती तर इतके दिवस थांबलात कशाला? मी शेजारीच उभी होते, हातात त्याची फाइल. आता तो म्हणणार, तुम्हीच तर सांगितलंत. दादूसने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"माजांच चुकलां," म्हणाला. "लग्नाच्या गडबडीन ऱ्हायलां."

आणि मी? मी मान डोलावली. वर म्हटलं, "कोणाचं ऐकतच नाही हो हा."

म्हणजे त्याला कळलं होतं? तिथल्या तिथे? की आधीपासूनच माहीत होतं, आणि भाचीसाठी तोही गप्प राहिला? एवढी तोंडाची शूर मी, सहा वर्षांत विचारलेलं नाही.

आता तो बोटीवर जात नाही. ओट्यावर बसून लोकांची जाळी शिवतो. दर रविवारी मी मोऱ्याला जाते. वहिनी चहा आणते, तो पोरीची खुशाली विचारतो. मी त्याच्या डाव्या बाजूला बसते. तिकडून मी त्याला दिसत नाही.